माकड वाचले, पण रुग्णाचे काय?

महोदय,

इबोलासारख्या विषाणूंवरील औषधांच्या प्राणीचाचण्यांविषयीचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. अशा चाचण्या हव्यातच. पण माकडे वाचली म्हणजे औषध हाती आले, हा त्यातला सूर पटला नाही. रेमडेसिव्हिरचेच घ्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इबोलाची लागण केलेल्या ऱ्हीसस माकडांना तिसऱ्या दिवसापासून ते देण्यात आले आणि मोठी मात्रा मिळालेली सर्व माकडे जगली. पुढे २०१८-१९ मध्ये काँगोतील चाचणीत मात्र हेच औषध घेतलेले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले; अँटिबॉडीवर आधारित दोन औषधांच्या गटांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते.

प्रयोगशाळेत लागणीची वेळ ठाऊक असते. रुग्ण मात्र ताप हिवतापाचा समजून अंगावर काढतो आणि उपचार केंद्रात पोहोचेपर्यंत त्याच्या रक्तात विषाणू माजलेला असतो. म्हणून पहिली मात्रा लागणीनंतर कितव्या दिवशी दिली, हे अशा प्रत्येक बातमीत छापावे. एका ओळीचीच तर गोष्ट आहे!

– एक नियमित वाचक