'३-२' एवढ्याने सामना कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२६ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आयची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा भरणार आहेत. त्याआधी क्रीडापानाबद्दल एक मागणी करायची आहे. व्हॉलीबॉलचा निकाल छापताना प्रत्येक सेटचे गुण छापा. नुसते जिंकलेल्या सेटचे '३-२' किंवा '३-०' लिहून थांबू नका.

हे पत्र लिहायला कारण चीनमधल्या हांगझोऊची आशियाई स्पर्धा. नावाने ती २०२२ ची, पण कोविडमुळे लांबली आणि २०२३ मध्ये झाली. उद्घाटन २३ सप्टेंबरला होते, पुरुषांचे व्हॉलीबॉल मात्र १९ तारखेलाच सुरू झाले. त्या दिवशी आपल्याकडे गणेश चतुर्थी. दुसऱ्या दिवशी भारताने दक्षिण कोरियाला हरवले. त्याच दिवशी लोकसभेत महिला आरक्षणाचे विधेयक मंजूर झाले, घरोघरी दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन होते आणि क्रिकेटचा विश्वचषक पंधरा दिवसांवर आला होता. या गर्दीत आपल्या अंकात व्हॉलीबॉलला चार ओळी मिळाल्या, त्यात 'भारत ३-२ असा विजयी'. जागेची ओढाताण मला समजते. पण त्या चार ओळींत एवढे नक्की मावले असते:

२५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५.

व्हॉलीबॉल खेळलेल्या कुणालाही ही ओळ दाखवा, तो सामना पाहिल्यासारखा बोलू लागेल. पहिला सेट हातातोंडाशी येऊन निसटला. दुसऱ्यातही २५ वर निकाल लागेना, कारण दोन गुणांची आघाडी कुणालाच मिळत नव्हती. तो २९ पर्यंत ताणला गेला. तिथे भारत हरला असता तर ०-२ अशी पिछाडी पडली असती आणि पुढचे सगळे अवघड झाले असते. म्हणजे सामना खऱ्या अर्थाने दुसऱ्या सेटच्या शेवटी फिरला. '३-२' मधून हे कसे कळणार?

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत अनेक वर्षे गुणलेखक म्हणून बसलो आहे. गुणपत्रकावर छापलेल्या आकड्यांवर गुणागणिक तिरकी रेघ मारत जायची. पाचव्या सेटमध्ये आठव्या गुणाला संघ बाजू बदलतात, तेव्हा एका संघाचे गुण पलीकडच्या रकान्यात उतरवून घ्यायचे. बाहेर शिट्ट्या-आरडाओरडा चालू असतो आणि आपण खाली मान घालून बसलेलो. या सवयीमुळे असेल, पण कोरियाच्या सामन्याचे गुण मिळाल्यावर मी बेरीज करून पाहिली. पाच सेट मिळून भारताचे ११६. कोरियाचेही ११६. अडीच तासांच्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळवलेले गुण अगदी सारखे, आणि तरी एक जिंकला, एक हरला. हा खेळच तसा आहे. किती गुण मिळवले यापेक्षा ते कुठल्या सेटमध्ये पडले, याला किंमत. ही गंमत तुमच्या वाचकांपर्यंत पोहोचलीच नाही.

बरे, हरवले ते कुणाला? १९६६ पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत पदक घेऊन गेलेल्या संघाला. आदल्या खेपेला, २०१८ मध्ये जकार्तात, कोरियाला रौप्य मिळाले होते. सामन्याच्या वेळी त्यांचे जागतिक क्रमवारीतले स्थान २७ वे, भारताचे ७३ वे. भारताकडून अमितने सर्वाधिक २४ गुण मिळवले. कर्णधार विनीत कुमार आणि अश्वल राय यांनी त्याला जोरदार साथ दिली. पुढच्या फेरीत पाकिस्तानने कोरियाला ३-० असे हरवले आणि त्यांची पदकाची आशाच संपली. क्रिकेटमध्ये असे काही झाले असते तर आपण पहिल्या पानावर चौकट केली असती. असो.

पराभवाच्या बातम्यांचेही तेच. चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) सरळ तीन सेटमध्ये हरवून भारत उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि तिथे जपानकडून ०-३ असा हरला. मग पाचव्या क्रमांकासाठीच्या सामन्यात पाकिस्तानकडून ०-३. छापील निकाल दोन्हीकडे एकच. आता गुण पाहा. जपानविरुद्ध १६-२५, १८-२५, १७-२५. पाकिस्तानविरुद्ध २१-२५, २०-२५, २३-२५. पहिल्या सामन्यात आपण कुठेच नव्हतो. दुसऱ्यात शेवटच्या सेटपर्यंत झुंज होती, तरी मोक्याचे गुण घेता आले नाहीत. आणि जपानने तर पहिल्या फळीचा संघ पाठवलाच नव्हता. तो संघ ३० सप्टेंबरपासून टोकियोत होणाऱ्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेच्या तयारीत होता. दुसऱ्या फळीने आपल्याला १८ च्या पुढे जाऊ दिले नाही, आणि कांस्यही नेले. सुवर्ण इराणचे, सलग तिसऱ्यांदा. भारत सहावा. आपण कुठे आहोत हे या आकड्यांवरून जेवढे कळते तेवढे 'भारताचे आव्हान संपुष्टात' या ठरावीक मथळ्यावरून कळत नाही.

जुन्या काळी सेटच्या गुणांवर इतका भरवसा ठेवता येत नसे, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा सेट १५ चा होता आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राहायची, दहा-दहा मिनिटे फलक हलायचा नाही, आणि शेवटी १५-४ लिहिताना त्या झटापटीचा कागदावर मागमूसही उरत नसे. भारताने १९५८ मध्ये टोकियोत कांस्य, १९६२ मध्ये जकार्तात रौप्य आणि १९८६ मध्ये सोलमध्ये जिमी जॉर्जच्या संघाने कांस्य मिळवले, ती तिन्ही पदके त्याच पद्धतीतली. (त्यानंतर पुरुषांना आशियाई पदक नाही.) १९९९ पासून प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असली तरी, गुण मिळू लागला, आणि आता सेटचा आकडा त्या सेटमध्ये काय झाले ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतो.

हे वाचणार कोण, असे कुणी म्हणेल. आमच्या भागात या, दाखवतो. जत्रेत, जयंतीला, गावोगावी रात्री दिव्यांच्या उजेडात नेट लागते. कुठे शूटिंग, कुठे स्मॅशिंग (हे व्हॉलीबॉलचेच दोन प्रकार), बक्षीस रोख, आणि पोलाला खेटून उभी राहिलेली म्हातारी माणसे लिफ्टरने (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याने) चेंडू कुणाला द्यायला हवा होता यावर भांडतात. या लोकांना कॅप्शनसकट मोठा फोटो नको, आकडे हवेत. रणजी सामन्याचा धावफलक आपण अवांतर धावांपर्यंत छापता, बाईज-लेगबाईज वेगळ्या करून. त्याबद्दल तक्रार नाही, मीही वाचतो. त्या मानाने पाच जोड्या आकडे काहीच नाहीत.

यंदाचे पंचांगही पाहून ठेवा. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, नागोयाचे उद्घाटन १९ ला, अनंत चतुर्दशी २५ ला. म्हणजे पुन्हा ऐन गणपतीत व्हॉलीबॉल चालेल आणि पुन्हा चारच ओळींची जागा उरेल. चार ओळी चालतील. भारतीय संघ तिथे असो वा नसो, इराण-जपान सामना असला तरी गुण द्या. माझ्या माहितीप्रमाणे वृत्तसंस्थेच्या बातमीत ते असतात. शेवटच्या ओळीत असल्यामुळे बातमी कापताना पहिल्यांदा तेच उडतात. तेव्हा बातमी खालून कापण्याआधी शेवटची ओळ एकदा वाचावी, एवढे क्रीडापानाच्या उपसंपादकांना सांगावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), जि. सांगली