नावं ठाऊक नसलेल्या दोघांचे आभार

ऐन लग्नसराईत फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडताच बंद पडायला लागलं. ‘फॉन्ट लोड होत आहेत’ एवढं दिसायचं, की गायब! दोनदा काढून पुन्हा टाकलं. पण जुन्या सेटिंग्ज युजरच्या फोल्डरमध्ये तशाच राहतात, हे मला कुठे माहीत? तो फोल्डर पुसू नका, नुसतं नाव बदलून बघा, असं एका दादांनी सांगितलं. तरी गाडी अडलेलीच. मग एका ताईंनी फॉन्ट निम्मे-निम्मे बाजूला काढून दर वेळी सॉफ्टवेअर उघडतंय का ते बघायला लावलं. जवळपास ३०० फॉन्टांतला गुन्हेगार आठव्या खेपेला सापडला: पत्रिकेसाठी मीच हौसेनं उतरवलेला एक फुकटा, वळणदार देवनागरी फॉन्ट. रात्री साडेबारापर्यंत माझ्या बावळट प्रश्नांना न वैतागता उत्तरं दिलीत, मनापासून आभार. पत्रिका सकाळीच छापायला गेल्या.