मंत्रीसाहेब, खरूज खातं बघून होत नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
नमस्कार.

वृद्धाश्रम तुमच्या खात्यात येत नाहीत, ते सामाजिक न्यायवाल्यांकडे असतात, हे मला एका ऑफिसात तीन टेबलं फिरवून नीट शिकवलेलं आहे, तेव्हा पत्र चुकीच्या पत्त्यावर आलंय म्हणून बाजूला सारू नका प्लीज.

माझी आत्या 81 वर्षांची, पुण्याबाहेर एका खाजगी वृद्धाश्रमात असते. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत आणि मुख्य म्हणजे ती अजून तिथेच आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. तिथे कामाला असलेल्या मावशी म्हणाल्या उष्णता असेल, खोबरेल लावलं. मग पावडर झाली, मग कुणीतरी म्हणालं वयामुळे कातडी कोरडी पडते, होतंच असं. रात्रभर खाजवायची बिचारी, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. शेवटी मी तिला स्किनच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी बोटं बघितली आणि दोन मिनिटांत सांगितलं, खरूज आहे. मलम दिलं, रात्री अंगभर लावायचं, या वयात डोक्याच्या कातडीलाही, सकाळी धुवायचं, आठवड्याने परत एकदा. सगळं केलं, बरी झाली. आणि महिन्याभरात परत खाजवायला लागली.

कारण शेजारच्या कॉटवरच्या आजींना होतीच ना! डॉक्टरांनी बजावलं होतं की सगळ्यांना एकाच दिवशी लावा, खाज असो नसो, मावशींनाही लावा, कारण खरूज पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायलाच चार-सहा आठवडे जातात, तोवर माणूस ती वाटत फिरत असतो. पण आश्रम म्हणे औषधाचं ज्याचं त्याने बघायचं, आणि नातेवाईक कोण तर दोघांची मुलं अमेरिकेत, एकाचा फोन लागत नाही, एकजण मलाच म्हणाला माझ्या आईला खाज नाहीये मग मी का पैसे देऊ. जवळच्या सरकारी दवाखान्यात गेले तर म्हणे पेशंट ओपीडीला आणा. 22 म्हातारी माणसं, त्यातली 9 कॉटवरून उठत नाहीत, ती मी रिक्षाने आणू का? शेवटी आम्ही चार-पाच नातेवाइकांनी व्हॉट्सॲप ग्रुप करून वर्गणी काढली, एका रविवारी सगळ्यांना मलम, पुढच्या रविवारी परत, चादरी-गाऊन उकळत्या पाण्यातून काढले, शाली-स्वेटर पिशव्यांत बांधून आठवडाभर गच्चीवरच्या खोलीत. चार महिने चाललेला प्रकार दोन रविवारांत संपला. यात कुठलं मोठं सायन्स होतं सांगा. फक्त "सगळ्यांना, एकदम" हे म्हणायचा अधिकार असलेलं कुणी नव्हतं.

हेच उद्या जुलाबाचं, फ्लूचं होणार. नोव्हेंबर 2021 मध्ये खडवलीजवळच्या वृद्धाश्रमात साठहून जास्त जणांना एकदम कोविड झाला, तेव्हा टीम गेली, टेस्ट झाल्या, ठाण्याच्या सिव्हिलमध्ये बेड मिळाले. म्हणजे जमतं! फक्त तो कोविड होता म्हणून जमलं. खरजेसाठी कोण टीम पाठवतंय.

आता मावशींबद्दल. रात्री 22 जणांना एक मावशी. मी एकदा राहिले होते तिथे, तर त्या एकाच ग्लोव्हजवर तीन जणींचे डायपर बदलत गेल्या. मी बोलले तर म्हणाल्या, ताई बेसिन खालच्या मजल्यावर आहे, दरवेळी उतरू तर वरची पडली तर कोण बघणार? काय उत्तर देणार यावर. भिंतीवर कोविडमधली सॅनिटायझरची बाटली अजून आहे, रिकामी, खालचा खिळा गंजलाय. आणि भरली तरी जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरससारख्या व्हायरसला तिचा फारसा उपयोग नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

दुसरं म्हणजे या वयात इन्फेक्शनला ताप येईलच असं नसतं, हे तिथे कुणालाच माहीत नाही (मलाही नव्हतं). एक आजोबा होते, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेली, लघवीची पिशवी फरशीवर लोळायची, कधी कुणी उचलून उशाशी ठेवायचं म्हणजे पिशवीतली लघवी उलटी आत. पिशवी खाली हवी पण जमिनीला टेकता कामा नये, एवढं जरी कुणी शिकवलं असतं. एक दिवस आजोबा वेड्यासारखं बडबडायला लागले, बायकोला हाका मारायला लागले, जी कधीच गेलीय. सगळे म्हणाले वय झालं, डोक्यावर परिणाम झाला. तीन दिवसांनी कळलं लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलंय, मग आयसीयू.

आणि पैशाचं गणित बघा. 70 च्या वरच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचं पाच लाखांचं कव्हर आहे, चांगलंच आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. न्यूमोनियाची लस बाळांना 2021 पासून देशभर फुकट मिळते, माझ्या आत्याची मात्र मी खाजगीत हजारो रुपये मोजून घेतली आणि शेजारच्या आजींची कुणी घेतली नाही. म्हणजे आजींना न्यूमोनिया झाला तर सरकार खर्च करणार, होऊ नये म्हणून नाही!

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटल, त्याला 1949 चा नोंदणी कायदा आहे. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेले, नळ्या लावलेले, पडून पडून जखमा म्हणजे बेडसोर झालेले पेशंट असले तरी तो "आश्रम"च. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम लिहिलाय, 2019 मध्ये सगळ्या वृद्धाश्रमांच्या नोंदणीचं आणि किमान दर्जाचं बिल लोकसभेत आलं, ते पास झालंच नाही.

दिल्लीचं राहू द्या. राज्यात तुम्ही एक आदेश काढू शकता ना, की एका वृद्धाश्रमात आठवड्यात तीन जणांना सारखाच त्रास झाला तर सरकारी दवाखान्याला कळवायचं आणि दवाखान्याने तिथे जायचं, पेशंट आणा म्हणायचं नाही. महिन्यातून एक दिवस नर्सताई जाऊन कॅथेटर, बेडसोर, कवळ्या बघतील, मावशींना हातात हात धरून शिकवतील, पावसाळ्याआधी फ्लूची लस तिथेच टोचतील. सामाजिक न्याय खात्याची सही लागत असेल तर घ्या, ते तुमच्याच कॅबिनेटमध्ये बसतात, आम्हाला तीन टेबलं फिरावी लागतात.

आणि कधी एखादा वृद्धाश्रम बघायला जाणार असाल तर कळवून जाऊ नका. कळवलं की बेसिनवर नवा साबण येतो.

आपली,
एक भाची, पुणे