नवीन बांधकाम घेणं थांबवलंय

वाशी, रविवार रात्र

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, समोर बोलले असते तर तुम्ही चष्मा पुसत बसला असतात आणि मी विषय बदलला असता. म्हणून लिहितेय. यापुढे नव्या इमारतींची कंत्राटं घ्यायची नाहीत, असं मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. रागावू नका.

घोडबंदरच्या त्या बिल्डरने शेवटचं बिल अडकवलं म्हणून नव्हे. (थोडं म्हणूनही.) पण सेंटरिंगवाल्यापासून खडीवाल्यापर्यंत सगळ्यांना आपण रोख द्यायचे आणि आपले पैसे दोन-दोन वर्षांनी मोजायचे, हे आता मला झेपत नाही. पन्नाशी उलटली माझीही.

जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, आणि दुरुस्ती चालूच राहणार. ३० वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट सक्तीचं, त्यात इकडे खाडीचा खारा वारा. सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीटचं कव्हर फोडून बाहेर डोकावते. कामाला तोटा नाही. परवा एका जिन्याच्या बीमवर हातोडी मारली, तर बद्द आवाज आला. तुमचंच वाक्य आठवलं: मडकं आईला विचार, काँक्रीट हातोडीला.

मुकादमकाकांना सोडलेलं नाही. त्यांची माणसं कॉलमच्या जॅकेटिंगला, म्हणजे जुन्या खांबांभोवती नवा थर चढवायला, लावली आहेत. नौपाड्याचं ऑफिस, खिडकीजवळची तुमची खुर्ची, अकराचा चहा, सगळं तसंच. पाटीही तशीच. 'आणि कन्या' लिहायला सांगितलंत, तेव्हा रंगारी दोनदा विचारायला आला होता, नक्की ना म्हणून. ती पाटी मी कशी उतरवेन?

ड्रॉइंग तुम्हीच तपासायची. परांचीवर मात्र चढायचं नाही. एकदाही नाही. मुकादमकाकांना सांगून ठेवलंय, ते मला फोन करतील. गोळी जेवणाआधीची, नंतरची नव्हे.

तुम्ही काँक्रीटच्या चाचणीसाठी भरलेल्या ओल्या क्यूबवर खिळ्याने तारीख घालायला मला द्यायचात, आठवतं? माझा ३ नेहमी उलटा. २८ व्या दिवशी ताकद मोजायला प्रेसमध्ये दाबून तो क्यूब फोडणार, हे कळल्यावर मी इतकी रडले की तुम्ही जास्तीचा एक भरलात आणि घरी आणलात. दीडशे मिलिमीटरचं माझं स्टूल.

आई, तोच क्यूब अजून ओट्याखाली आहे ना? त्यावर उभं राहून वरच्या फळीवरचे डबे काढतेस, मला माहितेय. येत्या रविवारी सुतार घेऊन येतेय, फळी खाली घेऊ. तोवर डाळी पुरतील. नाही पुरल्या तर शेजारच्या काकूंकडून मागव, पण चढू नकोस.

तुमची,
बेबी