सूर्य चुकीच्या बाजूला, तरी काय बिघडलं?

महोदय,

नदीवरचा सूर्यास्त म्हटला की आपल्याकडे दोन डोंगर, मधून नदी आणि काठावर झोपडी, एवढंच डोळ्यांसमोर येतं. म्हणून इंग्लिश चित्रकार टर्नरच्या ‘द फायटिंग टेमरेअर’विषयी थोडं. १८३९ साली रॉयल अकॅडमीत मांडलेलं हे तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) लढलेली ९८ तोफांची ‘टेमरेअर’ ही युद्धनौका थेम्समधून भंगारात निघाली आहे आणि धूर ओकणारी काळीकुट्ट आगबोट तिला ओढतेय.

जाणकार यात चुका काढतात. जहाज पश्चिमेकडे नेलं, मग मावळता सूर्य त्याच्या मागे कसा? डोलकाठ्या तर आधीच उतरवल्या होत्या आणि ओढणाऱ्या बोटी दोन होत्या! सगळं खरं. पण टर्नर काय पंचनामा करायला बसला होता? डोलकाठ्या ठेवल्या म्हणूनच ते फिकट, सोनेरी जहाज अजून ताठ उभं दिसतं. सूर्याच्या बाजूला रंगाचे जाड थर आहेत, जहाजाचं काम मात्र नाजूक. वर डाव्या बाजूला चंद्रकोर. मोबाइलवर यातलं काही कळत नाही, सगळं नुसतं केशरी दिसतं.

टर्नरने हे चित्र हयातीत विकलं नाही.

आपली जुनी ‘विक्रांत’ही २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला घेतली होती. तेव्हा कुणी तिचं चित्र काढलं असेल, तर रविवारच्या पुरवणीत मोठ्या आकारात जरूर छापावं.

– एक वाचक, ठाणे