लेखनिक दहावीलाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आपण एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र छापले आहे. मुलांच्या दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे पुढे करून परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (मूल सांगेल ती उत्तरे लिहून देणारी व्यक्ती) मागणाऱ्या पालकांमुळे परीक्षेचे गांभीर्य उरलेले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या वयाचा आणि सेवेचा मान राखूनही मला उत्तर लिहावेसे वाटले, कारण हाच सूर मी गेल्या ऑक्टोबरमध्ये माझ्या मुलाच्या शाळेच्या कार्यालयात उभी राहून ऐकला आहे.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याला अध्ययन अक्षमता आहे. वाचायला त्याला वेळ लागतो आणि लिहिताना जोडाक्षरे, वेलांट्या, अनुस्वार जागेवर राहत नाहीत. सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र पाचवीतच मिळाले असून त्याची प्रत शाळेकडे आहे. प्रथम सत्र परीक्षेच्या महिनाभर आधी मी लेखनिकासाठी अर्ज दिला होता. त्याचे उत्तर तोंडी मिळाले, "लेखनिक दहावीला मिळतो बाई, सातवीला नाही. नियम सगळ्या मुलांना सारखाच असायला हवा."

सातवीच्या इतिहासात शिवकाळ आहे, आणि हा विषय माझा मुलगा पुस्तकातून शिकलेला नाही. जुलैमध्ये तो वडिलांबरोबर पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत भर पावसात चालत गेला. त्याआधी आठ दिवस तो आजीकडून सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची हकिगत पुन्हा पुन्हा ऐकून घेत होता. तोंडी परीक्षेत त्याने हे सारे इतके नीट सांगितले की बाईंनी त्याला 10 पैकी 9 गुण दिले. दोनच दिवसांनी त्याच विषयाच्या लेखी परीक्षेत त्याला 50 पैकी 11 गुण मिळाले. पालकसभेत मी ती उत्तरपत्रिका हातात घेऊन पाहिली. पेन इतके दाबून धरले होते की पानाच्या मागून बोट फिरवले तर अक्षरे हाताला लागत होती. 'पन्हाळा' हा शब्द त्याने तीन वेळा खोडून चौथ्यांदा 'पहाळा' असा लिहिला होता, त्यापुढे दीड ओळ होती आणि बाकीचे पान कोरे होते. शेजारी तांबड्या शाईत शेरा होता, 'अभ्यास वाढवा'.

मुलाला विषय येतो हे ज्या बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकले, त्यांनाच दोन दिवसांनी हा शेरा लिहावा लागला. मी त्यांना दोष देत नाही. एका वर्गात साठ मुले आहेत आणि शाळेत विशेष शिक्षक एकही नाही. प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण केंद्र सरकारने 2022 मध्येच ठरवून दिलेले आहे. संस्थाचालकांना ते ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

गुरुजींच्या पत्रात 'सवलत' हा शब्द सात वेळा आला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. मुलांमधील ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय योजले जावेत, असे कलम 16 सांगते, आणि ते सरकारी शाळांइतकेच अनुदानित व मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सारे कलम 17 मध्ये लिहिलेले आहे आणि तिथे दहावीची अट नाही. प्रत्यक्षात मात्र अक्षमता ओळखली आजीने, प्रमाणपत्रासाठी खेटे घातले आम्ही, आणि शाळेने केवळ झेरॉक्स ठेवून घेतली.

मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड करणारा कायदा शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात 1917 साली केला. मुलाला शाळेपर्यंत आणायचे पालकांनी आणि शिकवायचे संस्थानाने, अशी ती वाटणी होती. आमच्या वाटणीचे काम आम्ही रोज सकाळी सात वाजता करतो.

आणि दहावीला लेखनिक मिळेल म्हणून तोवर थांबा, हे म्हणणारे कधी लेखनिकाशेजारी बसलेले नसावेत. उत्तर मनात जुळवून, पूर्ण वाक्यात, समोरच्याला लिहिता येईल अशा बेताने सांगणे हे शिकावे लागते. घरी मी लिहायला बसते तेव्हा माझा मुलगा सांगता सांगता अजूनही मध्येच धावत सुटतो, मग थांबतो आणि मागचे विसरतो. हा सराव सातवी-आठवीत झाला नाही, तर बोर्डाच्या परीक्षेत, अनोळखी केंद्रावर, खालच्या वर्गातल्या अनोळखी मुलाला तो काय सांगणार?

जाता जाता आपल्या दैनिकाविषयीही एक तक्रार आहे. गेल्या महिन्यात 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाळेने माझ्या मुलासह चौघांना व्यासपीठावर बोलावून गुलाबपुष्पे दिली आणि दुसऱ्या दिवशी आपण ते छायाचित्र मुलांच्या नावांसह छापले. आम्हाला शाळेने विचारले नव्हते आणि आपणही विचारले नाही. जी गोष्ट त्याने वर्गातल्या फक्त दोन मित्रांना सांगितली होती, ती त्या सकाळी रिक्षातल्या सगळ्या मुलांना कळली. त्यानंतर चार दिवस तो शाळेत गेला नाही. ज्या मुलाला व्यासपीठावर फूल देता येते, त्याला परीक्षेत लेखनिक का देता येत नाही, हे त्याने मला विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

द्वितीय सत्राची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. लेखनिकासाठीचा अर्ज मी पुन्हा दिला आहे आणि या वेळी त्याची पोच घेतली आहे. शाळेकडून मला या वेळी लेखी उत्तर हवे आहे.

आपली,
एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर
(मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)