सिस्टर, तुम्ही मला दारातच अडवलंत म्हणून

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल. मी चोपडा तालुक्यातला केळीवाला. ३२ व्या आठवड्यात जन्मलेल्या, १ किलो ४०० ग्रॅमच्या मुलीचा बाप.

मे महिना होता, ऊन मी म्हणत होतं. शेतातून तसाच मोटारसायकलवर जळगावचं हॉस्पिटल गाठलं आणि काचेच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, ठेवलेल्या लेकीकडे धावलो. तुम्ही दारात आडव्या आलात. अंगठी, घड्याळ, मनगटातला लाल दोरा, सगळं उतरवायला लावलंत. मग साबणाने हात, कोपरापर्यंत. तेव्हा खरंच राग आला होता. त्या रागाची आज माफी मागतो.

पुढचे १९ दिवस मी काचेतून तुमचे हात बघितले. बाळाला हात लावण्याआधी हँडरब, म्हणजे बाटलीतलं हातावर चोळायचं जंतुनाशक, लावल्यावर हँडरब. सलाईनला हात घालण्याआधी वेगळा, डायपर बदलल्यावर साबण-पाणी. हातमोजे काढले तरी पुन्हा हात चोळायचे. एकदा तुम्ही फक्त मॉनिटरचं बटण दाबलंत आणि पुढच्या पेटीकडे जाण्याआधी पुन्हा बाटलीकडे वळलात. बाळाला तर स्पर्शही केला नव्हता! मी विचारलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत, की जंतू पेटीच्या कडेवर, बटणावर, पलंगाच्या दांडीवरही बसलेले असतात आणि आपल्याच हातावर बसून पुढच्या बाळाकडे जातात. हात स्वच्छ दिसतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दिवस न भरलेल्या बाळाची कातडी पातळ, अंगात जंतूंशी लढायची ताकद कमी.

मला लगेच पटलं. आमची टिश्यूची केळीरोपं ज्या लॅबमध्ये बनतात, तिथेही हात निर्जंतुक केल्याशिवाय रोपांच्या बाटलीला हात लावू देत नाहीत. रोपासाठी एवढं, तर लेकरासाठी किती हवं.

व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइसांची गोष्टही तुमच्याकडूनच कळली. १८४७ साली त्यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्यांचं म्हणणं मान्य व्हायला किती वर्षं गेली!

एक प्रसंग मात्र मी विसरणार नाही. मोठे डॉक्टर फोनवर बोलत घाईत आले आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडायला हात पुढे केला. तुम्ही बाटली पुढे धरलीत. "सर, हात." एवढंच. वॉर्डात सगळे गप्प. ते थांबले, फोन खिशात ठेवला, बोटांच्या फटी, अंगठे, नखं, २०-३० सेकंद नीट चोळली आणि "थँक यू, सिस्टर" म्हणाले. तुमच्या हिमतीला आणि त्यांच्या मोठेपणाला माझा नमस्कार.

दिवसभर धुऊन धुऊन तुमच्या हातांना चिरा पडल्या होत्या, तेही मी पाहिलं आहे.

लेक आता सहा महिन्यांची आहे, पालथी पडते. दारात साबण ठेवलाय. गोठ्यातून कुणी आलं की माझी आई आधी ओरडते, "पहिले हात धोई ले!" मग बाळ हातात देते. तुम्ही चोपड्याकडे आलात तर घरी या, लेकीला तुमच्या मांडीवर द्यायचं आहे.

आपला,
पेटीतल्या लेकीचा बाप